उतारावरची खानावळ: कोकणात जमिनीशी जुळवून घेणारं उपाहारगृह कसं बांधावं

कुडाळजवळच्या एका उतारावर चाळीस माणसांची खानावळ बांधायची होती. एप्रिलमध्ये मी जागा पाहिली, मोजमाप घेतलं आणि सगळ्यात सपाट तुकड्यावर स्वयंपाकघर आखलं. खालच्या वाडीतले एक आजोबा काठी टेकत वर आले, चुन्याच्या रेघा बघितल्या आणि म्हणाले, “बाय, हयसून पावसाचा पाणी जाता. पाणी आपली वाट सोडना नाय.” तिथे ओलाव्याचा मागमूसही नव्हता. जुलैत परत गेले तर नेमक्या त्याच रेघेवरून गुडघाभर लाल पाणी धावत होतं. तो आराखडा बाद झाला, आणि जागा सपाट का होती तेही कळलं: दरवर्षीच्या पाण्याने ती सपाट केली होती.

पुढे जे लिहिलं आहे ते रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या, फार तर गोव्यापर्यंतच्या, जांभ्याच्या (लाल, सच्छिद्र दगडाच्या) जमिनीवर तीस ते पन्नास खुर्च्यांचं उपाहारगृह बांधू पाहणाऱ्यांसाठी आहे. देशावर किंवा विदर्भात दगड वेगळा, पाऊस वेगळा, वारा वेगळा. तिथे यातली साधनं नकोत, पण कामाचा क्रम घेता येईल.

पायरी १: एक पावसाळा जमिनीवर काढा

कोकण किनाऱ्यावर वर्षाला साधारण ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. त्यामुळे जमिनीचं खरं रूप वर्षातून चारच महिने दिसतं. या काळात किमान तीनदा जागेवर जा: पहिल्या मोठ्या सरीत, जुलैच्या मध्यावर आणि सप्टेंबरच्या अखेरीस. भर पावसात जा, उघडीप पाहून जाऊ नका.

सोबत बांबूच्या खुंट्या आणि रंगीत चिंध्या न्या. पाणी जिथून वाहतं त्याच्या दोन्ही काठांवर खुंट्या ठोका. पाणी साचतं तिथे वेगळ्या रंगाची चिंधी बांधा. झड कुठून येते ते अंगावर घेऊन पाहा. जमिनीच्या प्रत्येक तुकड्यावर ती सारखी येत नाही. एखादं जुनं फणसाचं झाड किंवा वरच्या बाजूचा गडगा (दगड रचून केलेलं कुंपण) तिला चांगला अडवतो, आणि ते झाड तोडलं की तुमच्या पडवीत पाणी शिरणार हे तिथेच कळतं. प्रत्येक खुंटीचा फोटो काढा आणि मोजणीच्या नकाशावर तिची जागा टाका. हाच नकाशा पुढे वास्तुरचनाकाराच्या हाती द्यायचा.

पावसाळ्यापर्यंत थांबणं शक्यच नसेल तर खुणा शोधा. लव्हाळा किंवा केवडा उगवला आहे का? झाडांची मुळं एकाच बाजूने उघडी पडली आहेत का? जुन्या गडग्यात मुद्दाम ठेवलेली भोकं आहेत का? गडगा रचणाऱ्याने ती उगाच ठेवलेली नसतात. आणि शेजाऱ्यांना विचारा. विहिरीला मे महिन्यात किती पाणी असतं, हे त्यांच्याइतकं कोणालाच माहीत नसतं.

याच काळात दोन-तीन ठिकाणी कमरेएवढे खड्डे खणून घ्या. माती किती, तिच्याखाली कातळ किती खोल, ओतलेलं पाणी किती वेळात मुरतं, हे लिहून ठेवा. पाया आणि सांडपाण्याची व्यवस्था दोन्ही यावरच ठरतात. उतार तीव्र असेल, वरच्या बाजूला मातीचा जाड थर असेल, तर भूवैज्ञानिकाला एकदा जागेवर आणा. माळीण २०१४ साली दरडीखाली गेलं, तळिये २०२१ साली. ही नावं माहीत असलेल्या माणसाने या तपासणीचे पैसे वाचवू नयेत.

पायरी २: कुठे बांधायचं नाही ते आधी ठरवा

सड्यावर, म्हणजे जांभ्याच्या उघड्या पठारावर, बांधू नका. मोकळा कातळ पाहून बऱ्याच जणांना वाटतं की इथे झाड तोडायला नको, माती हलवायला नको, म्हणजे निसर्गाचं नुकसानही नाही. उलट आहे. उन्हाळ्यात करपलेला सडा पावसाळ्यात सीतेची आसवं, गेंद अशा इवल्या फुलांनी भरून जातो. या वनस्पती काही आठवड्यांत आपलं आयुष्य उरकतात आणि त्यांना बोटभर मातीचा तोच थर लागतो. शिवाय सड्यावर पडलेलं पाणी भेगांतून मुरून खालच्या विहिरींना मिळतं. रत्नागिरी आणि राजापूरच्या सड्यांवर कातळशिल्पं आहेत. त्यांतली काही ठिकाणं २०२२ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत गेली. तुमच्या जमिनीवरचा कातळ झाडून, धुऊन, सकाळच्या तिरप्या उन्हात नीट पाहिल्याशिवाय तिथे यंत्र लावू नका.

वाहती जागा आणि तिच्या दोन्ही बाजूंना काही मीटर मोकळं सोडा. मोठी झाडं सोडा. समुद्राजवळ असाल तर २०१९ ची किनारा नियमन अधिसूचना पाहा: ग्रामीण किनाऱ्यावर भरतीरेषेपासून साधारणपणे २०० मीटर आणि दाट लोकवस्तीच्या भागात ५० मीटर हा पट्टा बांधकामासाठी बंद असतो. नेमकी रेषा मंजूर नकाशावर बघून घ्यावी, एजंटाच्या तोंडी सांगण्यावर विसंबू नये. सातबारा, बिगरशेती वापर, वृक्षतोडीची परवानगी आणि ग्रामपंचायत ही कागदपत्रं आराखडा पक्का करण्याआधी मार्गी लावा.

एवढं सगळं वगळल्यावर नकाशावर जो तुकडा उरतो तो बहुधा वेडावाकडा असतो. इमारत त्या तुकड्याच्या आकाराची करायची.

पायरी ३: एक मोठी खोली नको, तीन लहान पडव्या करा

जेवणाच्या जागेला माणशी दीड ते पावणेदोन चौरस मीटर धरा. चाळीस माणसांना साधारण ६५ चौरस मीटर लागतील. स्वयंपाकघर, कोठार आणि भांडी घासायची जागा मिळून आणखी ४० ते ४५. म्हणजे सगळं मिळून ११० चौरस मीटरच्या आसपास.

एवढं क्षेत्र एका चौकोनात बसवायचं तर उतार एका बाजूने कापावा आणि दुसऱ्या बाजूने भरावा लागतो. कापलेल्या बाजूला उंच संरक्षक भिंत येते, भरलेल्या बाजूला जमीन खचण्याची भीती, आणि वरचं पाणी नेमकं भिंतीमागे तुंबतं. त्याऐवजी जेवणाची जागा तीन लांबट, अरुंद तुकड्यांत विभागा. प्रत्येक तुकडा समान उंचीच्या रेषेला धरून, साडेतीन ते चार मीटर रुंद, आणि दोन तुकड्यांच्या पातळीत दीड-दोन फुटांचा फरक. मध्ये जांभ्याची पाखाडी, म्हणजे पायऱ्यांची वाट. कोकणातलं प्रत्येक जुनं गाव उतारावर असंच बसलं आहे, आपण काही नवं करत नाही.

अरुंद ठेवण्याचा मोठा फायदा वाऱ्याचा. चार मीटर रुंदीतून वारा आरपार जातो, पंख्याची गरज कमी होते. शिवाय जेवणारा प्रत्येक माणूस कडेला बसतो. मधल्या अंधाऱ्या टेबलावर कोणालाच बसावं लागत नाही. श्रीलंकेत दांबुल्लाजवळ जेफ्री बावा यांनी नव्वदच्या दशकात बांधलेलं कंडलामा हॉटेल हेच मोठ्या प्रमाणावर करतं. डोंगराच्या कड्याला वळसा घालत ती इमारत लांबच लांब जाते आणि वेलींनी इतकी झाकली गेली आहे की तळ्यापलीकडून चटकन दिसत नाही. आपल्या खानावळीला तेवढा पसारा नको, पण डोंगराची रेघ मोडायची नाही हा धडा तोच.

एक अडचण खरी आहे: पायऱ्या. गुडघे दुखणारी आजी आणि चाकाच्या खुर्चीतला माणूस यांना जेवायला येता आलंच पाहिजे. म्हणून एक पडवी रस्त्याच्या पातळीला घ्या, तिथे रॅम्प करा आणि स्वच्छतागृह तिच्याच शेजारी ठेवा. रॅम्पचा चढ बाराला एक यापेक्षा तीव्र नको.

पायरी ४: स्वयंपाकघर वाऱ्याच्या खालच्या अंगाला

किनारपट्टीवर दुपारी वारा समुद्राकडून येतो, पावसाळ्यात नैर्ऋत्येकडून. दोन्ही वेळा धूर आणि तळणाचा वास पूर्वेच्या बाजूला जातो. म्हणून स्वयंपाकघर पूर्वेच्या अंगाला. वास्तुशास्त्र मानणारे मालक आग्नेय कोपरा मागतात. बहुतेक जागांवर तो चालून जातो, वाद घालू नये. चालत नसेल तिथे मात्र पाहुण्यांच्या डोळ्यांत जाणारा धूर त्यांना दाखवावा.

छत उंच घ्या आणि कौलांच्या आढ्याखाली गरम हवेला बाहेर पडायला झाकलेली फट ठेवा. भिंतीत जाळी करा. तिरुवनंतपुरमच्या बस स्थानकाशेजारी लॉरी बेकर यांनी बांधलेलं इंडियन कॉफी हाउस आहे, विटांचं, वर वर चढत जाणारं गोल बांधकाम. भर शहरात, रहदारीच्या कडेला असूनही त्याच्या भिंतींतल्या जाळ्यांमधून हवा आणि उजेड येत राहतो. चिरे (जांभ्याचे कापलेले ठोकळे) एकाआड एक सोडून रचले की तशीच जाळी जांभ्यात होते, आणि सोडलेल्या चिऱ्यांचे पैसे वाचतात ते वेगळेच.

स्वयंपाकघराची फरशी आणि भिंतीचा खालचा भाग गुळगुळीत, पाणी न शोषणारा, धुता येणारा हवा. अन्न सुरक्षेचा परवाना त्याशिवाय मिळणार नाही आणि मिळूही नये. शेणाने सारवलेली जमीन बाहेर खळ्यात शोभते. चुलीपाशी कोटा फरशी किंवा साधी टाइल वापरा.

पायरी ५: जांभा

मला सगळ्यात जास्त बोलायचं आहे ते या दगडाबद्दल. फ्रान्सिस बुकानन याने केरळात हा दगड पाहिला आणि १८०७ मध्ये छापलेल्या प्रवासवर्णनात विटेसाठी असलेल्या लॅटिन शब्दावरून त्याचं नाव लॅटेराइट ठेवलं, कारण लोक तो जमिनीतून विटेसारखा कापून काढत होते. खाणीतून काढताना तो मऊ असतो, उघड्या हवेत ठेवला की कडक होत जातो. त्याला भट्टी लागत नाही. ज्या काळात सिमेंटचा उद्योग जगातल्या कार्बन उत्सर्जनाच्या सुमारे आठ टक्क्यांना जबाबदार धरला जातो, त्या काळात न भाजता तयार होणारी वीट आपल्या पायाखाली आहे, आणि आपण तिच्यावर सिमेंटचा गिलावा चढवून वर पिवळा रंग देतो. याचं मला फार वाईट वाटतं.

चिरा निवडताना:

- दोन चिरे एकमेकांवर आपटून पाहा. खणखणीत आवाज हवा. भद्द आवाजाचा चिरा बाजूला काढा.
- पांढऱ्या-पिवळ्या मातीचे मोठे डाग असलेला चिरा पावसात झिजतो, भोकं पडतात. तो आतल्या भिंतींना वापरा.
- आज कापलेला चिरा उद्या भिंतीत नको. एक-दोन महिने उघड्यावर रचून ठेवा. म्हणजे चिऱ्यांची खरेदी दिवाळीच्या आसपास झाली पाहिजे.
- खाण जितकी जवळ तितकं बरं. पन्नास किलोमीटरवरून आणलेल्या दगडात डिझेलच जास्त.

आपल्याच जमिनीत चांगला जांभा असेल तर गौण खनिजाची परवानगी काढून तिथेच चिरे पाडता येतात. मग खड्ड्याची जागा आधीच अशी ठरवा की तोच पुढे पावसाच्या पाण्याचा हौद होईल. चाळीस फूट लांब, पंधरा फूट रुंद आणि सात फूट खोल खड्ड्यात एक लाख लिटरपेक्षा जास्त पाणी मावतं. जांभा सच्छिद्र असल्याने आतून अस्तर मात्र लावावं लागेल.

जोतं बाहेरच्या जमिनीपासून किमान दोन फूट वर घ्या. पावसाचे शिंतोडे जमिनीवरून उसळून भिंतीच्या खालच्या थरांवर येतात आणि भिंत तिथूनच खराब व्हायला लागते. चिऱ्यांमधल्या दर्जा, म्हणजे सांधे, चुन्यात भरा. जांभा पाणी पितो आणि परत सोडतो. दर्जांत घट्ट सिमेंट असेल तर ते पाणी दगडाच्या अंगातून बाहेर पडतं आणि दगडाचीच कड झडते. चुना मळणारा गवंडी शोधायला वेळ लागतो. देवळांच्या दुरुस्तीची कामं करणाऱ्यांकडे विचारा, हमखास सापडतो. बाहेरून भिंत उघडी ठेवा. दोन पावसाळ्यांत तिच्यावर शेवाळ येईल, उत्तरेच्या बाजूला नेचे उगवतील. इमारत आसपासच्या कड्यासारखी दिसायला लागते ती अशी. चकाकणारं प्लॅस्टिकचं पॉलिश लावून हे थांबवू नका. फक्त वड-पिंपळाची रोपं दिसताक्षणी मुळासकट काढा.

पायरी ६: छप्पर

मंगलोरी कौलांचे कारखाने १८६५ च्या सुमारास बासेल मिशनने मंगळुरात सुरू केले आणि ते कौल कोकणचंच होऊन गेलं. छपराचा उतार तीस अंशांच्या आसपास ठेवा, त्याहून कमी नको. वळचण भिंतीबाहेर चार फूट. एवढी वळचण असली की झडीच्या दिवसांतही पडवीची आतली टेबलं कोरडी राहतात. बाहेरच्या टेबलांसाठी जून ते सप्टेंबर झापांच्या किंवा बांबूच्या झडपा बांधा आणि दसऱ्याला उतरवा. मधल्या भागात प्रत्येक पाख्यावर चार-पाच काचेची कौलं बसवली की दिवसा दिवा लागत नाही.

लाकूड नवं घेऊ नका. कोकणात दरवर्षी जुनी घरं उतरवली जातात आणि किंजळ, आईन, फणसाचे वासे, खांब, तुळया स्वस्तात मिळतात. प्रत्येक तुकडा टोचून, ठोकून वाळवी आणि भुंग्याची भोकं तपासा. कमी पडेल तिथे माणगा वापरा. हा सिंधुदुर्गातला भरीव बांबू मजबूत असतो. तो पावसाळा संपल्यावर तोडलेला आणि बोरॅक्स-बोरिक ॲसिडच्या पाण्यात मुरवलेला हवा. न मुरवलेला बांबू दोन वर्षांत पिठासारखा होतो, मग लोक बांबूला दोष देतात.

वानरांचा प्रश्न टाळता येत नाही. ज्या गावात टोळ्या येतात तिथे उघडी कौलं दरवर्षी फुटतात. तिथे खाली पत्रा आणि वर कौल असं दुहेरी छप्पर करा. खर्च वाढतो, पण एखादं कौल फुटलं तरी पाहुण्याच्या ताटात पाणी पडत नाही, आणि वरच्या कौलांमुळे पत्र्याचा उकाडा व आवाज दोन्ही मारले जातात.

पायरी ७: पाणी येतं कुठून, जातं कुठे

भारतीय मानकांनुसार उपाहारगृहाला दर खुर्चीमागे दिवसाला ७० लिटर पाणी धरतात. चाळीस खुर्च्यांना २,८०० लिटर. आता छपराचा हिशेब करा. १०० चौरस मीटर कौलांवर ३,००० मिलिमीटर पाऊस पडला आणि त्यातलं ८० टक्के पन्हळीत आलं, तर वर्षाला २,४०,००० लिटर पाणी मिळतं, म्हणजे ८५ दिवसांची गरज. पण ते येतं पावसाळ्यात आणि लागतं एप्रिल-मे मध्ये, गर्दीच्या दिवसांत. एक लाख लिटरचा हौद सप्टेंबरच्या शेवटी भरून घेतला तर फक्त ३५ दिवस पुरतो. म्हणून हौदाचं पाणी फेब्रुवारीपर्यंत उघडू नका. तोवर विहीर वापरा. जास्तीचं पाणी विहिरीच्या वरच्या अंगाला चर खणून मुरवा.

सांडपाण्याकडे मात्र सगळे दुर्लक्ष करतात. जांभ्याच्या भेगांतून घाण पाणी मातीत गाळलं न जाता सरळ खालच्या विहिरीत पोचू शकतं. शोषखड्डा कोणत्याही विहिरीपासून किमान १८ मीटर दूर आणि तिच्या खालच्या उतारावर हवा. जांभ्यात मी याच्या दुप्पट अंतर ठेवते. क्रम असा लावा: भांडी घासायच्या जागेतून पाणी आधी जाळीत, मग तेल-तूप वर तरंगून अडणाऱ्या टाकीत, मग गाळ बसण्याच्या टाकीत, आणि शेवटी खडीच्या उथळ वाफ्यात. वाफ्याला खाली अस्तर, वर कर्दळ आणि पाणकणीस. तिथून निघालेलं पाणी केळी-पोफळींना द्या. शौचालयाचं पाणी यात मिसळू नका, त्याची सेप्टिक टाकी वेगळी. तेलाची टाकी आठवड्यातून एकदा हाताने साफ करावी लागते. ते कोण करणार, कोणत्या वारी करणार, हे उद्घाटनाआधी ठरलेलं असावं. ही टाकी तुंबली की पुढचं सगळं आठ दिवसांत सडतं.

उष्ट्या अन्नासाठी लहान बायोगॅस संयंत्र ठेवा. पुण्याच्या ‘आरती’ संस्थेने अशी खरकट्यावर चालणारी लहान संयंत्रं विकसित केली आहेत. त्यावर पूर्ण स्वयंपाक होणार नाही, पण चहा आणि गरम पाणी सहज होतं.

पायरी ८: झाडं आणि दिवे

लॉन लावू नका. बांधकामाआधी वरची माती खरवडून एका बाजूला ढीग करून ठेवा आणि काम संपल्यावर परत पसरा. तिच्यातलं बी आपोआप उगवतं. मोकळ्या जागी कोकम, सुरंगी, बकुळ, उंडी, कुंपणाला करवंद. कोकमाचं झाड अंगणात असेल तर सोलकढीचं आगळ विकत आणावं लागत नाही.

दिवे कमी, पिवळसर आणि जमिनीकडे तोंड केलेले. मे अखेरीस काजवे चमकतात तेव्हा बाहेरचे दिवे विझवून ठेवा, पाहुणे स्वतःच अंधारात जाऊन बसतील. किनाऱ्यावर असाल तर समुद्राच्या दिशेने एकही दिवा नको. वेळास, आंजर्ल्यासारख्या किनाऱ्यांवर ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालतात, आणि वाळूतून निघालेली पिल्लं उजेडाच्या रोखाने चालतात.

कामाचं वर्ष

जून ते सप्टेंबर निरीक्षण. ऑक्टोबरात आराखडा आणि परवानग्या पक्क्या, चिरे आणि बांबू आणून ठेवणे. डिसेंबरात पाया, मार्चपर्यंत भिंती, पंधरा मेच्या आत छप्पर. पाखाड्या, गडगे आणि वरच्या अंगाचा पाणी अडवणारा चर हे पाऊस येण्याआधी पुरे झालेच पाहिजेत. फर्निचर राहिलं तरी चालेल.

त्या पहिल्या पावसाळ्यात खानावळ उघडू नका. कुडाळच्या त्या मालकांना मी हे सांगितलं तेव्हा त्यांना चार महिन्यांचा धंदा बुडाल्यासारखं वाटलं, तरी त्यांनी ऐकलं. जुलैत आम्ही आजोबांना घेऊन गेलो. स्वयंपाकघर आणि खालच्या पडवीच्या मधून, मोकळ्या ठेवलेल्या वाटेने पाणी जात होतं, वर चिऱ्यांचा छोटा साकव. पश्चिमेच्या कोपऱ्यात दोन ठिकाणी गळत होतं, आणि एका पन्हळीचं पाणी हौदाऐवजी पाखाडीवर पडत होतं. आजोबांनी साकवावर उभं राहून थोडा वेळ खाली पाहिलं आणि म्हणाले, “आता बरा जाता.” आम्ही शिडी आणली आणि पन्हळ सरळ करायला घेतली.